दांड्यावरची चप्पल

आमच्या ड्रेजरवर माणूस पंपात शिरला की त्याचा डावा बूट वर केबिनमध्ये पंपाच्या दांड्यावर चढतो. बूट दांड्यावर आहे तोवर दांड्याला कुणी हात लावायचा नाही. ज्याचा बूट त्यानंच बाहेर यायचं, वर जायचं, स्वतःच्या हातानं बूट काढून पायात घालायचा, आणि मगच पंप सुरू.

टोपी का नाही, असं प्रत्येक नवा माणूस विचारतो. टोपी माणूस विसरतो. टोपीशिवाय घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी शोधत बसतो. एका बुटावर मात्र कुणी घरी जात नाही. आणि डावाच का, तर दोघं आत गेले की दोन डावे दिसतात. डावा-उजवा मिळून एक जोड, म्हणजे एकच माणूस, असा घोळ होत नाही. ही अक्कल आमची आहे, कंपनीची नाही. कंपनीनं आम्हाला दांड्यावर लावायला लाल कुलपं दिली होती. त्यांच्या किल्ल्या साहेबांच्या कपाटात, कपाटाची किल्ली साहेबांच्या खिशात आणि साहेब किनाऱ्यावर. कुलपं खाऱ्या हवेत गंजून गेली. बूट राहिला.

ड्रेजर म्हणजे पाण्याच्या तळाचा गाळ ओढून काढणारं जहाज. तोंड तळाशी, पोटात पंप, आणि शेजारी बांधलेली बार्ज. गाळ त्या बार्जमध्ये ओतायचा, ती भरली की दुसरी आणायची. ऐकायला सोपं वाटतं. पण तळाशी नुसता गाळ नसतो. गाव जे जे फेकतं ते सगळं तळाशी असतं. टायर, फाटकी जाळी, तारा, खुर्च्यांचे पाय, एकदा तर अख्खं शिवणयंत्र. पंप हे गिळतो आणि त्याच्या घशात अडकतं. मग एक माणूस पंपाची हॅच उघडतो, कमरेपर्यंत आत शिरतो, पात्यांमध्ये हात घालून सुरीनं एकेक धागा कापून काढतो. एकेक पातं माझ्या छातीएवढं आहे.

अशा वेळी इंजिन बंद करायला हवं, हे आम्हाला कळत नाही असं कुणी समजू नये. पण इंजिन म्हातारं आहे. एकदा बंद केलं की परत धरताना नाकी नऊ येतात, आणि तेवढा वेळ गेला की साहेबांच्या पोटात दुखतं. म्हणून इंजिन धडधडत ठेवायचं आणि नुसता क्लच सोडायचा. हा क्लच हवेच्या दाबावर चालतो आणि त्याचा दांडा वर केबिनमध्ये. पात्यांत माणूस, भिंतीपलीकडे धावतं इंजिन, आणि दोघांच्या मध्ये काय, तर एक बूट.

पंप सांभाळतात माझे भाऊजी, थोरल्या बहिणीचा नवरा. माझे भाऊजी म्हणून अख्ख्या ड्रेजरचे भाऊजी. मी विंचवर असतो, जहाज ज्या तारांवर ताणून उभं राहतं त्या तारा सोडतो आणि ओढतो. दांड्यावर असतो रेडिओ. त्याच्या तोंडाचा पट्टा झोपेतही बंद होत नाही म्हणून हे नाव.

पंधरवड्यापूर्वी भाऊजी बार्जवरून ड्रेजरवर येत होते. दोन्हींच्या मध्ये फळी टाकायची असते. फळी कुजून गेली होती, नवी मागून महिने लोटले होते, म्हणून सगळे उडी मारूनच ये-जा करायचे. त्यांनी उडी मारली, बार्ज लाटेवर सरकली आणि डावा पाय दोन लोखंडांमध्ये चेपला. मधली दोन बोटं गेल्यातच जमा. डॉक्टरनं पट्टी बांधून विश्रांती सांगितली.

साहेब म्हणाले, "बोटं पायाची आहेत, काम हाताचं आहे. पंपरूममध्ये स्टूल टाकून देतो. बसून कर."

म्हणून हे घडलं त्या दिवशी सकाळी मी त्यांना आणायला गेलो तेव्हा ताई जमिनीवर बसून त्यांची पट्टी बदलत होती. पाय सुजून भोपळा झालेला. बुटात काही केल्या जाईना. ताईनं कपाटातून जुनी चप्पल काढली, तिचा अंगठ्याचा बंद कात्रीनं कापला, आणि निळ्या फुलांच्या उशीच्या अभ्र्याची एक लांब पट्टी फाडून चप्पल पायाला बांधली.

"नवरदेव दिसताय," मी म्हणालो.

"तुझ्या बहिणीनं सजवलंय. तक्रार तिच्याकडे कर."

ताई हसली नाही. त्यांना दारापर्यंत जाऊ दिलं आणि माझा दंड धरला. "पंप तुंबला तर त्यांना आत शिरू देऊ नकोस. एका पायावर माणूस झटकन बाहेर येऊ शकत नाही. ऐकलंस का? हो म्हण."

मी हो म्हणालो.

पंप दुपारी तुंबला.

वेळ वाईट होती. ओहोटी लागलेली, शेजारी बार्ज अर्धी भरून उभी. पाणी आणखी उतरलं तर भरलेली बार्ज उथळावरून पलीकडे जाणार नाही, रात्रभर इथंच अडकणार. केबिनमधल्या वायरलेसवर साहेबांचा आवाज सारखा येत होता. पंप का थांबला. किती वेळ. कोण आहे तिथं.

मी विंचला ब्रेक लावून पंपरूममध्ये उतरलो. भाऊजी हॅचचे नट सोडवत होते.

"तुम्ही जाणार नाही," मी म्हणालो.

"मग कोण जाणार? तुझा बाप?"

"माझा बाप तुमचा सासरा."

"म्हणूनच जीभ घसरली." त्यांनी शेवटचा नट काढून खिशात टाकला. "तुझे खांदे या भोकातून जातात का, सांग. मागच्या वेळी अडकला होतास, साबण लावून काढला होता."

ते खरं होतं. त्या हॅचमधून जाणारे दोघंच, भाऊजी आणि दुसऱ्या पाळीचा पंपवाला. तो खांदा उखडून घरी बसला होता. तोही याच पंपानं उखडलेला.

"मग पंप तसाच राहू दे. बार्ज अडकू दे. ताईला मी शब्द दिलाय."

"तू दिलास, मी नाही. साहेबांनी बसून करायचं काम सांगितलं होतं ना? हे तर आडवं पडून करायचं काम आहे. आणखी आराम." मग आवाज खाली आला. "अरे, जाळ्याचा गुंता आहे, दिसतोय इथून. कापतो आणि येतो. चल, मला जिना चढायला हात दे. दांड्यावर काहीतरी ठेवायला हवं."

त्यांना खांद्याचा आधार देत मी दोन जिने वर केबिनपर्यंत नेलं. रेडिओ नेहमीप्रमाणे कुणाशी नाही तर काचेशी बोलत होता. भाऊजींनी वाकून चप्पल सोडली आणि त्याच्यापुढे धरली.

"हे काय?" रेडिओ म्हणाला. "हा बूट आहे?"

"डाव्या पायात जे असतं ते. माझ्या डाव्या पायात हेच आहे."

"दांड्यावर आजवर बूटच चढलाय. हे खेटर आहे."

मी माझ्या बुटाची नाडी सोडायला वाकलो. "माझा घाला. माझा डावा लावा दांड्यावर."

भाऊजींनी माझ्या पाठीवर थाप मारून मला सरळ केलं. "आत मी आणि बूट तुझा? मग मी आत असतानाच तुला बूट हवासा वाटला तर? तू चढशील, तुझाच बूट आहे म्हणून काढशील. नाही. आत जो, बूट त्याचा. यात फाटे फोडायचे नाहीत."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. आमचा नियम तसाच होता आणि तो त्यांनीच आम्हाला घोकून घेतला होता. त्यांनी चप्पल दांड्याच्या मुठीवर पालथी ठेवली, अभ्र्याची पट्टी दोनदा गुंडाळून गाठ मारली. निळ्या फुलांचं एक टोक लोंबत राहिलं.

"आता कसं," रेडिओ म्हणाला. "दांड्याला बायकोनं राखण बसवली." मग मला म्हणाला, "जा रे, मी आहे इथं."

भाऊजी आत शिरले. हॅचबाहेर त्यांचे दोनच पाय दिसत होते, एक बुटातला, एक पट्टीतला. मी विंचकडे परत आलो. ओहोटीची ओढ वाढली होती, तारा सोडल्या नसत्या तर जहाज आडवं झालं असतं. तिथून मला केबिनची काच दिसत होती आणि काचेमागं रेडिओचं हलणारं तोंड.

तेवढ्यात बार्जचा पुढचा दोर तुटला.

दोर तुटताना बंदूक उडाल्यासारखा आवाज होतो. त्याच्या वाटेत पाय असेल तर पाय जातो, म्हणून आम्ही सगळे आधी खाली बसतो आणि मग बघतो. कुणाला लागलं नव्हतं. बार्जवर एकटा बार्जवाला, दुसरा दोर खांद्यावर घेऊन ओरडत होता. बार्जचं नाक ड्रेजरपासून सुटून वाहायला लागलं होतं. मी विंच सोडू शकत नव्हतो. रेडिओ केबिनमधून धावत खाली आला, फळीशिवायच उडी मारून बार्जवर गेला आणि दोर खेचायला लागला. केबिन रिकामी राहिली. त्यात त्याची चूक नव्हती. केबिन रिकामी सोडता यावी म्हणूनच तर बूट असतो.

त्याच वेळी दुसऱ्या बाजूनं लाँच लागली. त्यातून साहेब उतरले.

वायरलेसवर उत्तर मिळेना म्हणून ते स्वतः आले होते. पांढरं हेल्मेट, इस्त्रीचा शर्ट. मला पाठमोरे दिसले, जिना चढताना. मी हाक मारली. विंचच्या खडखडाटात माझी हाक मलाच ऐकू आली नाही. तरी मी घाबरलो नाही, हे सांगतो. चप्पल बांधलेली आहे, हे मला माहीत होतं. आजवर कुणी, साहेबांनीही, दांड्यावरच्या बुटाला हात लावला नव्हता.

केबिनची खिडकी उघडली आणि काहीतरी पाण्यात पडलं.

आमच्याकडे पाण्यात दिवसभर काही ना काही पडत असतं. विडीचं थोटूक, बोळा, खरकटं. मी तारेकडे पाहत राहिलो. मग भोंगा वाजला, एक लांब. पंप सुरू करण्याआधी भोंगा द्यायचा, हा कंपनीचा नियम. साहेबांनी तो अगदी नीट पाळला.

मी पाण्याकडे पाहिलं. ओहोटीबरोबर जहाजाच्या कडेनं चप्पल चालली होती, पालथी. तिच्या मागं निळ्या फुलांची पट्टी लांबलचक पसरली होती.

मला फक्त दोन वाटा दिसल्या. वर दोन जिने चढून केबिन. खाली एक जिना उतरून पंपरूम. इंजिनाचा आवाज चढायला लागला होता. म्हातारं इंजिन हळूहळू चढतं, पण चढतं. एकदा ते चढलं की साहेब दांडा टाकणार, नळीतून हवा जाणार, क्लच धरणार आणि पातं फिरणार. वर जायला वेळ पुरला नसता. मी विंचचा ब्रेक मारला आणि खाली उडी टाकली.

इंजिन असं चढलं की पंपरूममध्ये कुणी कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. हॅचबाहेर ते दोन पाय तसेच होते. त्यांना धरून ओढावं, असं वाटलं. पण आत माणूस पात्यांमध्ये कसा वळलेला आहे कुणास ठाऊक, ओढला तर तिथंच अडकेल. हवेची नळी भिंतीवरून क्लचकडे जाते, तिच्यावर झडपेचं चाक आहे. मी चाकाला झोंबलो. हललं नाही. कधी फिरवलेलंच नव्हतं कुणी. वर दांडा पडला असावा, नळी माझ्या हाताखाली फुगली.

कोपऱ्यात घण होता. मी नळीच्या जोडावर घण घातला. पहिला घाव निसटला. दुसरा बसला.

नळी सुटली आणि सापासारखी उसळली. तिचं पितळी टोक माझ्या डाव्या हातावर आलं. हात कुठं गेला ते मला कळलं नाही, तो तिथंच होता पण माझा नव्हता. हवा फूत्कारत बाहेर पडत होती. आणि तेवढ्यात, जोड सुटण्याआधी जी काही हवा पुढं गेली होती तिनं क्लच किंचित धरला. पंपाची पाती ज्या आसावर आहेत तो आस फिरताना मी पाहिला. वीतभर. मग थांबला.

हॅचबाहेरचे पाय ताठ झाले होते.

हवा पडल्याचं वर कळलं असावं, इंजिनाचा आवाज खाली आला. मी हॅचमध्ये डोकं घातलं. "भाऊजी."

उत्तर आलं नाही. मग आलं, अगदी हळू. "फिरलं रे."

"कुठं अडकलात?"

"बरगड्यांवर आहे. पातं. भिंतीत दाबलंय."

"श्वास येतोय?"

"अर्धा."

"मी उलटं फिरवतो."

"थांब. वर कोण आहे?"

"साहेब."

आतून एक आवाज आला, तो हसल्याचा होता. हसताना दुखलं असावं, मध्येच तुटला.

पंपरूमच्या भिंतीवर एक स्पीकर आहे. वरचं बोलणं खाली ऐकू येतं. खालून बोलायचं बटण कधीच मोडलंय. साहेबांचं आम्हाला येतं, आमचं साहेबांना जात नाही, आणि कंपनीला हे बरं वाटतं असं दिसतं, कारण दुरुस्त कुणी केलं नाही. त्या स्पीकरमधून साहेब बोलले, "हवा पडली आहे. इंजिनरूम, दुसरी लाइन उघडा. लवकर. पाणी चाललंय."

दुसरी लाइन म्हणजे क्लचला थेट टाकीतून हवा. तिचं चाक इंजिनरूममध्ये. ते मात्र इंजिनवाला दर आठवड्याला तेल घालून मऊ ठेवतो.

"ऐकलंस?" आतून भाऊजी म्हणाले.

"ऐकलं."

"जा. त्याला थांबव आधी. मी कुठं पळतोय."

इंजिनरूमचं दार पलीकडे आहे, मध्ये एक लोखंडी पायवाट. ती मी कशी ओलांडली ते आठवत नाही. इंजिनवाला पाठ करून उभा होता, कानांवर जाड टोपणं, साहेबांचा हुकूम त्यांतूनच आलेला, दोन्ही हात चाकावर. चाक फिरायला लागलं होतं. मी ओरडलो असतो तर त्याला ऐकू गेलं नसतं. मी त्याच्या तोंडासमोर माझा डावा हात धरला.

त्यानं हात पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मग पंपरूमच्या दाराकडे. त्याला काही सांगावं लागलं नाही. त्यानं चाक उलटं फिरवून घट्ट केलं, हात वर करून इंजिनाचा लाल खटका दाबला, आणि म्हाताऱ्या इंजिनाचा आवाज उतरत उतरत बंद झाला. मला वाटतं त्या जहाजावर एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. पाणी पत्र्याला चाटत होतं, तेही ऐकू येत होतं.

त्या शांततेत वरून रेडिओचा आवाज आला. त्यानं बार्जवरून भोंगा ऐकला होता, काचेतून दांडा मोकळा दिसला होता आणि त्यानं उडी मारली होती, त्याच फटीवरून जिनं भाऊजींची बोटं खाल्ली. तो आता केबिनमध्ये होता आणि स्पीकर चालू होता, म्हणून सगळं खाली ऐकू येत होतं.

"हात काढा साहेब."

"तू कुठं मेला होतास? पंप–"

"हात काढा. आत माणूस आहे."

मग काहीतरी आपटलं. नंतर कळलं, त्यानं स्वतःचा डावा बूट काढून दांड्यावर खोचला होता आणि दांड्याला पाठ लावून उभा राहिला होता.

पातं उलटं फिरवायचं म्हणजे पंपाच्या आसावर पहार लावून रेटायचं. माझा एकच हात चालत होता. इंजिनवाल्यानं पहार लावली, मी हॅचपाशी गुडघ्यावर बसलो. आस फिरताना मी पाहिला होता, पण कुठल्या बाजूला, ते आता आठवेना. चुकीच्या बाजूला बोटभर जरी गेलं तरी सगळं संपलं असतं.

"भाऊजी, तुम्ही सांगा. आम्ही थोडंसं हलवतो. दाबलं तर नाही म्हणा."

"हं."

इंजिनवाल्यानं पहारीवर भार टाकला. काडीभर.

"नाही," आतून आलं. "नाही, नाही."

"उलट," मी म्हणालो. त्यानं पहार काढून दुसरीकडून लावली. त्याच्या कपाळावरचा घाम पहारीवर पडत होता. काडीभर.

आतून काही आलं नाही.

"भाऊजी."

"चालेल. हळू."

आणखी काडीभर. धातू कुरकुरला. आतून एक लांब श्वास ऐकू आला, पूर्ण आत गेलेला. तो मी जन्मात विसरणार नाही.

"आता ओढ," ते म्हणाले. "पण दुखऱ्या पायाला धरू नकोस. तुझ्या बहिणीनं पट्टी बांधलीय."

आम्ही त्यांना बुटातल्या पायाला आणि पट्ट्याला धरून बाहेर काढलं. छातीवर पात्याची कड उमटलेली, शर्ट फाटलेला, एका मुठीत सुरी आणि दुसऱ्या मुठीत जाळ्याचा शेवटचा गुंता. काम पूर्ण करून आले होते. त्या गुंत्याकडे पाहून मला पहिल्यांदा राग आला. तोवर वेळ मिळाला नव्हता.

डेकवर त्यांना आडवं केलं. साहेब खाली आले. त्यांचा चेहरा इस्त्रीच्या शर्टासारखा पांढरा पडला होता. ते वाईट माणूस आहेत असं मी म्हणत नाही.

"मला कसं कळणार?" ते म्हणाले. "बूट असता तर मी हात लावला नसता. तुमची बुटाची पद्धत मला माहीत आहे, मी मानतो. ती फाटकी चप्पल होती. मला वाटलं कुणीतरी घाण टाकलीय."

भाऊजींनी डोळे उघडले.

"बूट पायात जात नाही साहेब," ते म्हणाले. "तुम्हीच म्हणालात, बोटं पायाची आहेत."

साहेबांनी हेल्मेट काढलं, परत घातलं. "लाँच आहे. यांना दवाखान्यात घेऊन जा. लगेच. तुलाही." हे मला. मग त्यांनी पाण्याकडे पाहिलं, बार्जकडे पाहिलं, आणि जे बोलले ते बहुतेक सवयीनंच बोलले. "गुंता निघालाय ना पण? मग नळी जोडून घ्या आणि इंजिन लावा. तासाभराचं पाणी आहे अजून. बार्ज भरून जाईल."

"दांड्यावर बूट आहे," रेडिओ म्हणाला. तो जिन्यावर उभा होता, एका पायात मोजा.

"तुझा आहे. तू आत कुठं होतास?"

"आत नव्हतो. पण बूट माझा आहे. मी काढेन तेव्हा निघेल." एवढंच बोलला. दिवसभर काचेशी बोलणारा माणूस तेवढ्यावर थांबला.

"आणि कधी काढणार?"

उत्तर इंजिनवाल्यानं दिलं. "आत माणूस असताना इंजिन बंद राहणार असेल तेव्हा. कुलपांच्या किल्ल्या आमच्या हातात येतील तेव्हा. फळी येईल तेव्हा." बोलता बोलता तो खाली बसला, स्वतःच्या डाव्या बुटाची नाडी सोडली आणि बूट रेडिओच्या हातात दिला. "घेऊन जा वर. माझ्या गुडघ्यांना जिना झेपत नाही."

बार्जवाला दोर बांधून तेवढ्यात आला होता. त्यानं सगळ्यांकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे.

"माझी तर चप्पलच आहे," तो म्हणाला. "चालते का?" आणि साहेबांकडे वळून विचारलं, अगदी नम्रपणे, "आता चालते ना साहेब, चप्पल?"

मी बसलो आणि उजव्या हातानं नाडी ओढायला लागलो. ओल्या नाडीची गाठ एका हातानं सुटेना. डावा हात इंजिनवाल्याच्या गमछ्यात गुंडाळलेला, त्यातून रक्त ठिपकत होतं. मी दातानं ओढायला वाकलो तर तोल गेला.

"आण इकडे," भाऊजी म्हणाले. उताणे पडल्या पडल्याच त्यांनी हात लांबवला, माझा पाय जवळ ओढला आणि दोन बोटांनी गाठ सोडवायला लागले. दर श्वासाला त्यांचं तोंड वाकडं होत होतं.

"राहू द्या."

"गप्प बस. आणि ताईला सांगू नकोस, मी तुझ्या पायाला हात लावला म्हणून. आयुष्यभर ऐकवेल."

गाठ सुटली. माझा बूट इतर बुटांबरोबर वर गेला. खालून केबिनची काच दिसत होती आणि काचेमागं त्यांचा ढीग. दांडा त्यात दिसतच नव्हता. पाणी उतरत होतं. बार्जचा तळ गाळाला टेकल्याचा आवाज आला, जड माणूस खुर्चीत बसावा तसा. साहेब कठड्याला धरून तिकडे पाहत होते. वायरलेसवर त्यांच्याही वरचं कुणीतरी विचारत होतं, पंप का थांबला, किती वेळ, कोण आहे तिथं.

आम्हाला लाँचमध्ये उतरवलं. मी बाकावर, भाऊजी माझ्या मांडीवर डोकं ठेवून. दोघांच्याही उजव्या पायात बूट, डाव्या पायात काहीच नाही. किनारा जवळ येऊ लागला तसे ते म्हणाले, "ताईला कळवलंय?"

"रेडिओनं कळवलं. ती दवाखान्यात येतेय."

"तिनं पहिलं पायाकडेच बघितलं तर? विचारेल, चप्पल कुठं टाकलीत, तुझा बूट कुठं आहे."

मी माझ्या उघड्या पायाकडे पाहिलं. आमच्यात एका बुटावर कुणी घरी जात नाही.

"सांगेन," मी म्हणालो, "बूट कामावर आहे."